अडवायची जागा

प्रश्न : स्वतःबद्दल थोडं सांगा.

स्वरूपा गायधनी. माहेर सिन्नर, राहणार पुणे, वय पन्नाशीच्या अलीकडे. निम्मं आयुष्य प्रोग्रॅम लिहिण्यात गेलं. मग प्रोग्रॅम लिहिणारी यंत्रं आली, तेव्हा काय हवंय ते त्यांना नीट समजावून सांगण्यात काही वर्षं गेली. मग त्यांना समजावूनही सांगावं लागेना. सध्या घरी.

समोर बसलेला मुलगा मान डोलवत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. तेजोमय काळबांडे हे नाव त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. तो माझी मुलाखत घेत होता आणि बघत होता पडद्याकडे, तिथं माझी रेषा चालली होती.

"मॅम, पट्टा टोचत नाही ना?"

"छे. लग्नातल्या मुंडावळ्या याहून जास्त टोचत होत्या."

तो हसला. पडद्यावर रेषेनं एक उडी मारली. "हे बघा, विनोद सुचताना असं दिसतं," तो म्हणाला. मला विनोद करायचीच लाज वाटू लागली.

प्रश्न : ही नोकरी काय आहे, तुमच्या शब्दांत सांगा.

यंत्रानं लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा आणि "चालू करा" म्हणण्याआधी त्यावर शंका घ्यायची. पदाचं नावच शंका-अभियंता. जाहिरात आली तेव्हा मिलिंद, माझा नवरा, चहा ढवळता ढवळता म्हणाला होता, "संशय घ्यायचा पगार देणार? इतकी वर्षं घरात फुकट घेतेस की!"

हे शेवटचं मी बोलले नाही. पण रेषा पुन्हा उसळली. तेजोमयनं काही विचारलं नाही. पट्ट्याला विचार कळत नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

पट्ट्याला काय कळतं, ते इथं सांगायला हवं. कपाळावर बांधलेल्या या पट्ट्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीच्या आत सोडतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजं रक्त धावतं, आणि प्राणवायू भरलेलं रक्त तो प्रकाश जरा वेगळ्या तऱ्हेनं परत पाठवतं. हे शास्त्र जुनंच. नवं एवढंच, की परत आलेला प्रकाश आणि बुबुळांची हालचाल यांची सांगड घालून यंत्र आता विचाराची वाट काढू शकतं. मन कुठं धावलं, कुठं घुटमळलं, कुठून मागं फिरलं. पाणी दिसत नाही, नदीचं पात्र तेवढं दिसतं. त्याला ते विचाररेषा म्हणतात.

उत्तरं आता यंत्रंच देतात, तेव्हा माणसाला उत्तर येतं की नाही हे कोण कशाला विचारेल? कंपनी रेषा बघते. काही वर्षांपूर्वी तिनं आपल्याच लोकांच्या रेषा तपासल्या तेव्हा एक गोष्ट सापडली. ज्यांच्या हातून चूक सहसा निसटत नाही, त्यांची रेषा "चालू करा" म्हणायच्या ऐन आधी थांबते. घुटमळत नाही, मागंही वळत नाही. नुसती थांबते.

अशी :

———————————— ————

त्यांत एका बाईची रेषा सगळ्यांत नितळ होती. ती मूळ रेषा ठरली. येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची रेषा तिच्यावर ठेवून बघायची अशी पद्धत पडली. ती बाई कोण, हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. खालच्या दालनात निळ्या काचेवर ती रेषा कोरली होती आणि पोरं तिला हात लावून वर येत होती. मीही लावला. गर्दीत सगळे करतात ते आपणही करतो.

प्रश्न : याआधी मुलाखत कधी दिली होती?

"खूप वर्षं झाली," मी म्हणाले.

खूप वर्षं झाली. तेव्हा मुलाखत म्हणजे फाटकाबाहेरच्या फुटपाथवर भर उन्हातली रांग. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिका. निम्म्यांच्या पायांत दुसऱ्याचे बूट. आत गेलं की पांढरा फळा आणि सुकलेला मार्कर. समोरचा माणूस म्हणायचा, "लिहून दाखवा," आणि आपण लिहायला जावं तर फळ्यावर फिकट निळा ओरखडा उठायचा. त्या मार्करचा वास मला अजून आवडतो. आता वास घ्यायलाही मार्कर उरले नाहीत.

रेहाना पर्समध्ये स्वतःचा मार्कर ठेवायची. "मार्करमुळं नोकरी गेली म्हणून सांगू का मिरजेत घरी?" म्हणायची.

रेहाना मुजावर. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा माझ्या शेजारच्या कॉटवर. घरमालकीण बर्वे काकू भिंतीला खिळा तर सोडाच, टाचणीही लावू द्यायच्या नाहीत, मग फळा कुठला? पण बाहेरच्या खोलीत एक कॅरमबोर्ड होता. जाळ्या फाटलेल्या, सोंगट्या निम्म्या हरवलेल्या. आम्ही त्यावर पावडर पसरायचो आणि बोटानं प्रोग्रॅम लिहायचो. चुकलं की तळहात फिरवायचा. दोघींचे ड्रेस कोपरापर्यंत पांढरे. काकू म्हणायच्या, "पीठ मळताय की अभ्यास करताय?"

आमचा एक खेळ होता : अडवणं. एकीनं उत्तर मोठ्यानं सांगत जायचं, दुसरीनं अडवायचं. आणि सांगणारीनं प्रत्येक पायरीनंतर थांबायचंच, अडवणारीला जागा द्यायची. न थांबता पुढं गेली की फाऊल. फाऊल झाला की दोघींचे मेसचे डबे तिनं घासायचे. कोबीच्या भाजीचा तेलकट डबा घासायची भीती फार मोठी असते. आठवडाभरात आमचं थांबणं अंगवळणी पडलं.

रेहानाचं अडवणं ठरलेलं असायचं : "आणि नसलंच तर?" मी म्हणायचे, यादीतलं पहिलं नाव घ्यायचं. ती म्हणायची, आणि यादीत कोणी नसलंच तर? मी लगेच खोडून ती सोय लिहायचे.

माझंही ठरलेलं होतं : "आणि दोन असले तर?" ती म्हणायची, या नावाचा माणूस शोधायचा. मी म्हणायचे, आणि त्याच नावाचे दोन असले तर?

"तुला प्रत्येक गोष्टीत दोनच कशे दिसतात गं?" ती चिडायची.

"आणि तुला कोणीच कसं दिसत नाही?"

याच कंपनीची मुलाखत आम्ही एकाच दिवशी दिली. ती लागली, मी नाही. तिनं मला मिठी मारली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. मी नाशकात लागले, मग लग्न, परत पुणे, मग नोकऱ्यांमागून नोकऱ्या. फोन रोजचे आठवड्याचे झाले, आठवड्याचे ईद-दिवाळीचे झाले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं.

यातलं मी तेजोमयला काहीच सांगितलं नाही. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "एवढं छान काय आठवलं, मॅम?"

"मार्कर," मी म्हणाले.

प्रश्न : हा प्रोग्रॅम चालू करायचा का?

दुसरी फेरी. एका धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते ठरवणारा प्रोग्रॅम. सरावाचा बनवलेला नव्हता, खरा होता. पाण्याची पातळी मोजणारी दोन यंत्रं धरणावर बसवलेली. त्यांचं मोजमाप यायचं, प्रोग्रॅमनं त्यावरून ठरवायचं.

मी वाचत गेले. पायरीपायरीला थांबत गेले. मोजमाप आलंच नाही तर? त्याची सोय होती : माणसाला बोलवा. दोन मोजमापं वेगळी आली तर? त्याचीही होती : सरासरी काढा. शेवटी पुन्हा थांबले. थोडा वेळ काहीच सुचलं नाही. खोली शांत होती.

"चालू करा," मी म्हणाले.

तेजोमयच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरा आनंद दिसला. "मॅम, अशी रेषा मी इथं पाहिलेली नाही. म्हणजे एकच पाहिली आहे. रोजच येताजाताना."

मी घरी जाताना पेढे घेतले. मिलिंदनं दोन खाल्ले आणि विचारलं, "नक्की ना?"

अहवाल

उमेदवार : स्वरूपा गायधनी. शंका घेण्याची क्षमता : असामान्य. मूळ रेषेशी साम्य : योगायोगानं असू शकेल त्याहून पुष्कळ जास्त. निष्कर्ष : रेषा परकी. उमेदवारानं ती बाहेरून मिळवली असल्याचा संशय. चौकशी व्हावी.

प्रश्न : तुम्ही कोणता क्लास लावला होता?

हा प्रश्न मला समजायलाच वेळ लागला. पुण्यात कशाचेही क्लास निघतात, तसे रेषेचेही निघाले होते. मोठ्या अभियंत्यांच्या चोरलेल्या रेषा मुलांच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा चालवायच्या, त्याबरहुकूम विचार करायची सवय लावायची. महिनाभर घोकलं की पोरगं दुसऱ्याच्या वळणानं विचार करू लागतं.

"मी क्लास लावलेला नाही," मी म्हणाले.

"मॅम, मला खरंच मदत करायची आहे." तेजोमय पुढं झुकला. "नियम साधा आहे. विचार ज्याचा त्याचा असला पाहिजे. उद्या धरण फुटलं तर जबाबदार एकच डोकं असायला हवं, म्हणून इथं सगळे एकेकट्या काचेच्या खोलीत बसतात. काम चालू असताना बोलायचं नाही. तुमची रेषा तुमची स्वतःचीच आहे एवढंच सिद्ध झालं पाहिजे. म्हणून जिची ती मूळ रेषा आहे, त्या मॅमना मी बोलावलंय. बहुतेक त्या म्हणतील की तुम्हाला ओळखत नाही, मग प्रश्न मिटला."

दार उघडलं.

केस पांढरे झाले होते आणि रंगवलेले नव्हते. चष्मा मोठा. बाकी चालणं तेच, पंजावर जोर देऊन, उशीर झाल्यासारखं.

"स्वरूपे?" ती म्हणाली. "अगं येडे! पावडरीत लिहायचीस तशी अजून उगाच मोठ्या अक्षरात लिहितीस काय गं?"

तेजोमयनं डोळे मिटून घेतले.

प्रश्न : (विचारला गेला नाही. आम्ही कँटीनमध्ये होतो.)

रेहानानं डबा उघडून मधोमध ठेवला. मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी. तिची मुलगी बंगळूरला शिकत होती, नवरा दुबईहून परत आला होता आणि दिवसभर टीव्हीशी भांडत होता. माझं मी सांगितलं. सांगण्यासारखं इतकं कमी निघालं की आम्ही दोघी ओशाळलो.

"खाली काचेवर तुझी रेषा आहे," मी म्हणाले. "मी हात लावला."

"सगळे लावतात. माझा गणपती करून ठेवलाय यांनी. मला, मुजावराच्या पोरीला!" ती हसली, मग हसू आवरलं. "ऐक. त्या पोराला मी सांगितलंय की एका खोलीत राहत होतो, बास. तो विचारणार, तुम्ही एकट्यानंच विचार करता का? तू हो म्हण. मीपण म्हणते. साम्य असलं तर असू दे, एका मेसचं खाल्लंय. मग माझ्या शेजारची खोली मोकळी हाय. दुपारी डबा रोज एकत्र."

मला ते फार हवं होतं.

"तू त्या थांब्यात काय करतेस?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"जो कोरून ठेवलाय."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "शंका घेते. त्याचाच तर पगार."

"रेहाना."

"...तुझी वाट बघते," ती म्हणाली. "आणखी काय करणार? तू म्हणशील, दोन असले तर. तू म्हणत नाहीस. मग मीच तुझ्या आवाजात म्हणते. कधी म्हणते, कधी नुसतीच थांबते आणि पुढं जाते."

"मीपण," मी म्हणाले.

आमच्या शेजारच्या टेबलावर दोन पोरं समोरासमोर बसून, न बोलता, आपापल्या फोनमध्ये बघत जेवत होती. इतक्या हुशार पोरांना इतकं एकटं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

प्रश्न : हा प्रोग्रॅम चालू करायचा का? (दोघींना, एकत्र)

ही कल्पना तेजोमयची. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "हे नोंदीत नाही हां," तो म्हणाला. "नुसतं बघू. दोन्ही रेषा शेजारी शेजारी चालल्या तर मूळ कोणती आणि नक्कल कोणती ते लगेच कळेल. जी पुढं धावेल ती मूळ."

दोघींना पट्टे बांधले. समोर तोच धरणाचा प्रोग्रॅम. रेहाना म्हणाली, "हा तर मी गेल्या महिन्यातच पास केलाय."

"म्हणूनच, मॅम. तुमची जुनी रेषाही ताडून बघता येईल."

मी सांगायला लागले. पहिली पायरी. थांबले.

"आणि मोजमाप नसलंच तर?" रेहाना.

"माणसाला बोलवतो. बघ, इथं." दुसरी पायरी. आता ती सांगत होती. ती थांबली.

"आणि दोन असले तर?" मी.

"सरासरी. लिहिलंय की, आंधळी झालीस काय?"

"आंधळी तू. चष्मा बघ केवढा."

"चल पुढं."

पुढं गेलो नाही. दोघी एकाच वेळी थांबलो आणि एकाच वेळी एकमेकींकडे बघितलं.

"दोन असून," मी म्हणाले.

"त्यातलं एक नसलं तर?" ती म्हणाली.

तेजोमय खुर्चीतून उठला.

दोन्ही मोजमापं आली नाहीत तर प्रोग्रॅम माणसाला बोलवत होता. दोन्ही आली तर सरासरी काढत होता. पण एक यंत्र बंद पडलं तर त्याचं मोजमाप शून्य म्हणून येत होतं, आणि प्रोग्रॅम त्या शून्याचीही सरासरी काढत होता. धरण काठोकाठ भरलं तरी त्याच्या लेखी निम्मंच. दरवाजे बंदच राहिले असते.

माझी एकटीची शंका तिथवर पोचली नव्हती. तिचीही नाही. गेल्या महिन्यात ती तिच्या काचेच्या खोलीत थांबली होती, परवा मी या खोलीत थांबले होते. दोघींच्या रेषेत तीच सुंदर, कोरून ठेवण्यासारखी जागा होती, आणि दोघी त्या जागेवरून "चालू करा" म्हणत पुढं गेलो होतो.

"अल्ला," रेहाना म्हणाली आणि हातानं तोंड झाकलं.

तेजोमय पडद्याकडे बघत होता. आमच्या दोन रेषा तिथं चालून संपल्या होत्या. त्यांत थांबा नव्हता. एकही नाही. एक जिथं थांबे, तिथं दुसरी सुरू होई. खाली यंत्राचा निकाल आला होता :

दोन्ही उमेदवार : शंका घेण्याची क्षमता आढळली नाही. अपात्र.

"मॅम," तो रेहानाला म्हणाला, "यानं तुम्हालाच नापास केलंय."

प्रश्न : आता काय करायचं?

"सोपं आहे," रेहाना म्हणाली. "तेजोमय, तू हे पुसून टाक. तसंही नोंदीत नाही. उद्या मी माझ्या खोलीत बसते, पट्टा बांधते, प्रोग्रॅम पुन्हा उघडते. काय शोधायचं ते माहीतच हाय. थांबते, आणि चूक सापडते. धरण वाचलं. आणि स्वरूपा हो म्हणते, ती माझ्या शेजारी येते. सगळं जागच्या जागी."

तेजोमयनं होकारार्थी मान हलवली. त्याला ते पटत होतं. मलाही पटत होतं. कुठंच काही खोटं पडत नव्हतं. धरण वाचत होतं, नोकरी मिळत होती, डबा मिळत होता.

"आणि पुढचा?" मी म्हणाले.

"पुढचा काय?"

"पुढचा प्रोग्रॅम. तो मी माझ्या खोलीत वाचणार, तू तुझ्या. मधे काच. तू काचेपलीकडे तोंड हलवणार नाहीस, कारण नियम. मग त्यातली चूक कोण शोधणार?"

"स्वरूपे, असं नको करूस. तुला नोकरी हवीये."

"हवीये."

"मग?"

मी तेजोमयकडे वळले. "नोंद सुरू करा. जे विचारायचं ते विचारा. आणि हे पुसू नका, याच्यासोबत जोडा."

त्यानं बटण दाबलं. कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. "स्वरूपा गायधनी, तुम्ही हा विचार एकट्यानं करता, असं तुम्ही घोषित करता का?"

"नाही," मी म्हणाले. "मला एकटीनं विचार करता येत नाही. आणि मला वाटतं, इथं कोणालाच येत नाही. तुम्ही जिथं थांबा मोजता, तिथं आम्ही कोणाचीतरी वाट बघत असतो."

नियमानं त्याला आता रेहानालाही विचारावं लागलं, कारण सत्रात ती होती. त्यानं घसा खाकरला आणि तेच वाक्य वाचलं. नाव फक्त बदललं.

रेहाना थांबली.

पडद्यावर तो थांबा दिसला. मूळ. हजारो पोरं ज्याला हात लावून वर येतात तो. मला खूप काही बोलावंसं वाटलं. तुझ्या मुलीची फी, तुझं घर, मला काही वाटणार नाही, तू हो म्हण. ती जागा माझीच होती, अडवायची. मी ओठ घट्ट मिटून बसले. हे तिचं तिनं म्हणायचं होतं.

"नाही," रेहाना म्हणाली. मग खांदे उडवून, "कोबीची शप्पथ, नाही."

तेजोमयनं हा शेवटचा भागही जसाच्या तसा नोंदवला.

निकाल

दोघी अपात्र. धरणाचा प्रोग्रॅम त्याच संध्याकाळी थांबवला गेला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : तांत्रिक. मूळ रेषेचा फेरविचार करण्यासाठी एक समिती नेमली जाणार होती. समितीत किती डोकी असणार, असं रेहानानं विचारलं.

तिचं ओळखपत्र फाटकाशी काढून घेतलं. तिनं ते देताना रखवालदाराला विचारलं, "फोटो तेवढा काढून देता का? लई जुना हाय, त्यात मी बारीक हाय." तो नाही म्हणाला.

आम्ही पार्किंगमध्ये तिच्या गाडीशी उभ्या होतो. पुढं काय, हे दोघींना माहीत नव्हतं. ती म्हणत होती की मिरजेला तिच्या भावाची जागा पडून आहे, तिथं दोघी बसून लोकांचे प्रोग्रॅम वाचू, एका टेबलाशी. मी म्हणत होते की मिरजेला कोण येणार. ती म्हणत होती, तंबोरे घ्यायला लांबून येतात, प्रोग्रॅमला का येणार नाहीत.

तेवढ्यात तेजोमय धावत आला. गळ्यातलं ओळखपत्र खांद्यावरून मागं गेलं होतं.

"मॅम, एक विचारायचं राहिलं." तो धापा टाकत होता. "मीपण त्याच थांब्यावर निवडला गेलोय. माझ्या रेषेतपण आहे तो. चांगला मोठा आहे. मी आजवर समजत होतो की मी शंका घेतो." त्याचा आवाज खाली आला. "मी कोणाची वाट बघतो?"

"ते आम्हाला कसं कळणार, बाळा?" मी म्हणाले.

रेहाना त्याला चष्म्यातून बघत होती. "घरी अभ्यासाला शेजारी कोण बसायचं?"

"कोणी नाही. बाबा शेतावर, आई..." तो थांबला. बऱ्यापैकी थांबला. "ताई. ती मागं बसून मटार सोलायची, नाहीतर काहीबाही निवडायची. मी चुकीचं लिहायला लागलो की नुसतं 'च्च' करायची. काय चुकलं ते सांगायची नाही. मी खोडायचो, पुन्हा लिहायचो. तिला गणित येत होतं की नाही, हे मी तिला कधी विचारलंच नाही."

"कुठं असते?"

"अमरावतीला. सासरी."

"शेवटचं कधी बोललास?"

त्यानं खिशातला फोन चाचपला.

"मग इथं काय उभा राहिलास?" रेहाना म्हणाली. "लाव की फोन!"

तो चार गाड्या सोडून पलीकडे गेला, एका खांबाला टेकला. आम्हाला त्याचं सगळं ऐकू येत होतं आणि आम्ही ऐकत नसल्यासारखं करत होतो.

"ताई? मी बोलून राहिलो. नाही वं, काही झालं नाही. तब्येत बरी आहे. जेवलो. काऊन फोन केला म्हणजे? असाच केला." पलीकडून ती बरंच काही बोलत असावी, कारण तो मधेच हसला आणि मनगटानं डोळे पुसले. "आयक ना ताई. कामातलं एक सांगतो तुले. नाही समजलं तरी चालते. तू काहीही करत असशील ते करत राहा. फक्त आयक, आणि मी चुकलो असं वाटलं की टोक मले."

आणि तो तिला अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.